कंट्रोल एस सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं: मराठी-इंग्लिश टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधले शॉर्टकट कसे दुरुस्त करायचे

वाशी मार्केटच्या गाळ्यांवर, ठाण्यात जांभळी नाक्याच्या होलसेल दुकानांत, वागळे इस्टेटच्या छोट्या युनिट्समध्ये, म्हणजे जिथे जिथे एकाच स्क्रीनवर थोडं मराठी आणि थोडं इंग्लिश टाइप होतं तिथे ही तक्रार हमखास येते. कंट्रोल एस दाबलं तर सेव्ह होत नाही, एफ९ दाबलं तर कधी एक प्रिंट येते आणि कधी तीन, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की सगळं परत व्यवस्थित. मग कोणीतरी कीबोर्ड बदलतं, कोणी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करतं, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. मी छोट्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगची आणि पट्टीची (शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या विक्रीच्या हिशोबाची) सॉफ्टवेअर सांभाळतो, बहुतेक पायथन आणि टीकिंटरमध्ये (पायथनमध्ये विंडो, बटणं बनवायची लायब्ररी), थोडी डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचं तशाच कामाचं साधन), आणि हा प्रश्न इतक्या ठिकाणी बघितलाय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. कोडच्या ओळी शब्दांतच सांगतो, ज्यांना बाइंड, म्हणजे कळेला फंक्शन जोडणारी टीकिंटरची कमांड, माहितीये त्यांना लगेच कळेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कोडला हात लावू नका. शॉर्टकट बिघडत नसतो, कळ दाबल्यावर तो इव्हेंट तुमच्या कमांडपर्यंत पोचतो की नाही, पोचताना कुठल्या नावाने पोचतो आणि वाटेत कोणी उचलून घेतो का एवढंच बघायचं असतं. त्यासाठी खाली स्टेटस बारमध्ये एक छोटं लेबल लावा आणि सगळ्या कळांच्या इव्हेंटला एक फंक्शन बांधून त्यात कीसिम (कळेने दिलेल्या अक्षराचं नाव), कीकोड (कळेचा नंबर), स्टेट (सोबत कंट्रोल, शिफ्ट, कॅप्स वगैरे काय चालू आहे त्याचा आकडा) आणि त्या क्षणी फोकस कुठल्या विजेटवर, म्हणजे स्क्रीनवरच्या कुठल्या खान्यावर किंवा बटणावर, आहे हे चार आकडे-नावं दाखवा. हे लेबल मी चालू सॉफ्टवेअरमध्येही ठेवतो, सेटिंगमधून दिसेल असं, कारण बिघाड आपल्या टेबलावर कधीच दिसत नाही, तो गाळ्यावरच दिसतो. स्टेटचा आकडा विंडोजवर असा वाचायचा: शिफ्ट १, कॅप्स लॉक २, कंट्रोल ४, नमलॉक ८, आणि यांची बेरीज होते. म्हणजे १२ दिसलं तर कंट्रोल अधिक नमलॉक, १४ दिसलं तर वर कॅप्सही चालू आहे. ऑल्ट दाबलेलं असेल तर त्यात १३१०७२ मिळवलेले दिसतात, तो आकडा बघून घाबरू नका.

या स्टेटवरूनच पहिला सापडणारा बग सांगतो. बरेच जण फंक्शनमध्ये स्टेट बरोबर ४ असेल तरच सेव्ह कर असं लिहितात. ज्याने लिहिलं त्याच्या लॅपटॉपवर नमलॉक बंद असतो, तिथे छान चालतं, आणि दुकानातल्या डेस्कटॉपवर नमलॉक कायम चालू, कारण वजनं आणि दर तिकडूनच टाकतात, तर तिथे स्टेट १२ येतं आणि सेव्ह होतच नाही. बरोबर ४ आहे का हे तपासायचं नसतं, ४ चा बिट चालू आहे का हे बिटवाइज अँडने तपासायचं असतं. एवढीच दुरुस्ती.

आता मुख्य कारणाकडे येतो, भाषा. कांदा-बटाटा मार्केटमध्ये जुन्नर, नाशिककडून माल येतो, शेतकऱ्याला जी पट्टी जाते तिच्यावर त्याचं नाव आणि गाव मराठीत लागतं, आणि ते लागायलाच हवं, ज्याचा माल विकला गेलाय त्याला आपल्या हिशोबाचा कागद वाचता आला पाहिजे. पण गोण्या, वजन, दर, हमाली, तोलाई हे आकडे आणि व्यापाऱ्याचं नाव, जीएसटी नंबर इंग्लिशमध्ये. म्हणजे मेहताजी, गाळ्यावरचे हिशोबनीस, एका पट्टीत चार वेळा भाषा बदलतात. आता कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाणित मांडणीवर) असताना इंग्लिश एसच्या कळेवर एची मात्रा असते, केच्या कळेवर क, एलच्या कळेवर त, डीच्या कळेवर हलन्त. टीकिंटरमध्ये आपण बाइंड करतो ते कीसिमवर, म्हणजे कळेने दिलेल्या अक्षराच्या नावावर, कळेच्या जागेवर नाही. आपण लिहिलंय कंट्रोल आणि एस, पण भाषा मराठी असताना त्या कळेतून एस येतच नाही, लेबलवर कीसिमच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतंच काहीतरी दिसतं, मग बाइंडिंग जुळत नाही आणि काहीच होत नाही. एररही येत नाही. रीस्टार्ट केला की विंडोज परत डीफॉल्ट भाषेवर येतं, ती बहुतेकांकडे इंग्लिश असते, म्हणून रीस्टार्टने बरं झालं असं वाटतं.

आणि नुसतं आपलं कंट्रोल एस नाही, टीकिंटरच्या एन्ट्री बॉक्समधलं कॉपी, पेस्ट, कट हेसुद्धा याच कारणाने बंद पडतं, कारण तीही आतून कीसिमवरच बांधलेली आहेत. मेहताजी म्हणतात पेस्ट होत नाही, आपण म्हणतो पेस्ट तर मी लिहिलेलंच नाही, ते आपोआप चालतं. दोघांचं बरोबर असतं.

इलाज असा. विंडोजवर इव्हेंटमधला कीकोड हा कळेचा व्हर्च्युअल कोड असतो आणि तो भाषा मराठी केली तरी तोच राहतो. एसचा ८३, सीचा ६७, व्हीचा ८६, एक्सचा ८८, एचा ६५. तर मुख्य विंडोवर कंट्रोल आणि कुठलीही कळ असं एक सर्वसाधारण बाइंडिंग लावा आणि त्या फंक्शनमध्ये कीकोड ८३ आला की सेव्ह, असं करा. तुमचं जुनं कंट्रोल एसचं बाइंडिंग काढायची गरज नाही, फक्त दोन्ही एकाच विंडोवर बांधा, कारण टीके, म्हणजे टीकिंटरच्या खालची मूळ लायब्ररी, एका पातळीवर सगळ्यात नेमकं जुळणारं एकच बाइंडिंग चालवतं. इंग्लिश असेल तर नेमकं कंट्रोल एस चालेल, मराठी असेल तर सर्वसाधारण चालेल. पण एक मुख्य विंडोवर आणि दुसरं बाइंड-ऑलने (सगळ्या विंडोंना एकदम बांधणाऱ्या कमांडने) बांधलंत तर इंग्लिशमध्ये दोन्ही चालतील आणि एकच बिल दोनदा सेव्ह होईल, मग नंबर पुढे सरकतो आणि महिनाअखेरीस जीएसटीच्या हिशोबात ताळमेळ लावत बसावं लागतं. कॉपी-पेस्टचंही तसंच. कीकोड ८६ आला की पेस्टचा व्हर्च्युअल इव्हेंट त्या फोकस असलेल्या विजेटवर पाठवायचा, पण त्याआधी कीसिम छोटा किंवा मोठा व्ही आहे का बघायचं, असेल तर काहीही करायचं नाही, कारण मूळचं पेस्ट तिथे झालेलंच आहे. हा चेक विसरला की इंग्लिशमध्ये सगळं दोनदा पेस्ट होतं. लिनक्सवर मात्र हे आकडे वेगळे, तिथे एस कीकोड ३९ असतो, म्हणून ८३ थेट कोडभर पसरवू नका, एका जागी टेबल करून ठेवा आणि ऑपरेटिंग सिस्टिम बघून निवडा.

या सर्वसाधारण बाइंडिंगमध्ये अजून एक गोष्ट सांभाळा, ऑल्ट दाबलेलं असेल तर फंक्शनमधून गुपचूप बाहेर पडा. कारण विंडोजमध्ये उजवीकडचं ऑल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल अधिक ऑल्टच धरलं जातं. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं आणि इंग्लिश इंडिया कीबोर्डवर ते ऑल्ट-जीआर अधिक ४ वर आहे, म्हणजेच कंट्रोल ऑल्ट ४. तुम्ही कंट्रोल ऑल्ट ४ वर चौथा रिपोर्ट ठेवला असेल तर रिपोर्ट उघडताना दराच्या खान्यात ₹ उमटणार, आणि मग आकडा म्हणून तो खाना वाचताच येणार नाही. माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल ऑल्टच्या जोड्या ठेवूच नयेत. आणि ऑल्ट शिफ्टच्याही नाहीत, कारण विंडोजमध्ये ऑल्ट शिफ्टने भाषा बदलते, तुमचा शॉर्टकट चालेल पण सोबत कीबोर्डही मराठी होईल आणि पुढचा शॉर्टकट बंद पडेल. हा प्रकार शोधायला फार वेळ जातो कारण मूळ एका कळेत आणि परिणाम दुसऱ्या कळेत असतो. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे, त्यात ही ऑल्ट शिफ्टची जोडी काढून टाकता येते. भाषा बदलायला विंडोज की अधिक स्पेस पुरेसं आहे. त्याच पानावर प्रत्येक विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरू द्या असा एक टिकमार्क आहे, तोही लावून घ्या. विंडोज ८ पासून भाषा सगळ्या विंडोंना मिळून एकच असते, त्यामुळे मेहताजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत मेसेज लिहिला की बिलिंगही मराठीवर जातं. टिकमार्क लावला की ते बंद होतं.

कॅप्स लॉक. हे दुसरं मोठं कारण आणि हे तर मराठी न वापरणाऱ्यांकडेही होतं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू, पुढे पॅन, सगळं कॅपिटलमध्ये, म्हणून ऑपरेटर कॅप्स चालू करतो आणि तो तसाच राहतो. टीकिंटरला छोटा एस आणि मोठा एस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाइंडिंग छोट्या एसवर असेल तर कॅप्स चालू असताना कंट्रोल एस मुका होतो. लोक मग मोठ्या एसवरही तेच बांधतात आणि प्रश्न सुटला म्हणतात, पण शिफ्ट धरूनही मोठा एसच येतो, म्हणजे कंट्रोल शिफ्ट एसवर सेव्ह अ‍ॅज ठेवलं असेल तर तिथे घोळ, आणि उलट कॅप्स चालू असताना शिफ्ट धरलं की छोटा एस येतो. म्हणून चारही बांधा: कंट्रोलसोबत छोटा एस आणि मोठा एस यांना सेव्ह, कंट्रोल शिफ्टसोबत छोटा आणि मोठा यांना सेव्ह अ‍ॅज. शिफ्टचं नाव असलेलं बाइंडिंग जास्त नेमकं असल्यामुळे तेच आधी जुळतं आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. आणि कंट्रोल शिफ्टसोबत फक्त छोटा एस लिहून ठेवलेला कोड मी खूप ठिकाणी पाहिलाय, तो कॅप्स बंद असताना कधीच चालणार नाही, कारण शिफ्ट धरल्यावर छोटा एस येतच नाही. वरचं भाषेसाठीचं कंट्रोल-कुठलीही-कळ वालं फंक्शन आहे ना, त्यातही स्टेटमधला शिफ्टचा बिट बघून सेव्ह की सेव्ह अ‍ॅज हे ठरवा, नाहीतर इंग्लिशमध्ये एक आणि मराठीत दुसरं असं वागेल.

आता तिसरा प्रकार, कळ पोचते, नावही बरोबर असतं, पण आधी दुसरंच कोणीतरी तिचं काम करून मोकळं होतं. याचं अगदी नेहमीचं उदाहरण म्हणजे शेऱ्याच्या मोठ्या खान्यात कर्सर असताना कंट्रोल ओ दाबलं की फाइल उघडायची विंडो तर येते पण शेऱ्यात एक रिकामी ओळही घुसते. टीके १९९१ चं आहे, जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीत बनवलेलं, आणि त्याच्या टेक्स्ट विजेटमध्ये ईमॅक्स एडिटरच्या धर्तीवरच्या कळा आधीपासून बसवलेल्या आहेत. कंट्रोल ओ नवी ओळ उघडतो, कंट्रोल के ओळीच्या शेवटपर्यंत पुसतो, कंट्रोल डी पुढचं अक्षर पुसतो, कंट्रोल टी दोन अक्षरांची अदलाबदल करतो, कंट्रोल आय टॅब टाकतो. कंट्रोल डीवर तुम्ही डुप्लिकेट ठेवलं आणि कर्सर शेऱ्यात असला की एक अक्षर जाणार, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. कंट्रोल टीवर एकूण ठेवलं की गावाच्या नावात अक्षरं उलटी.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कळेचा इव्हेंट चार दारांतून ओळीने जातो: आधी ते विजेट स्वतः, मग त्या विजेटचा क्लास (त्या प्रकारच्या सगळ्या विजेटना आधीपासून असलेली बाइंडिंग), मग ती विंडो, आणि शेवटी ऑल. तुम्ही मुख्य विंडोवर बांधलंत म्हणजे तुमचा नंबर तिसरा, क्लासचं काम त्याआधीच झालेलं असतं. म्हणून तिथून ब्रेक ही इव्हेंट पुढे जाऊ न देणारी स्ट्रिंग रिटर्न करून काही उपयोग नाही. ब्रेक द्यायचं असेल तर बाइंडिंग त्या टेक्स्ट विजेटवरच लावायला हवं, मग ते पहिल्या दारातच थांबतं. पण तिथे थांबवलं की विंडोवरची कमांडही चालणार नाही, तेव्हा विजेटवरच्या फंक्शनमध्ये आधी कमांड चालवा आणि मग ब्रेक द्या. आणि एकाच विजेटला तीच कळ दुसऱ्यांदा बांधताना अ‍ॅड प्लस नाही दिलं तर पहिलं बाइंडिंग पुसलं जातं, तेही कुठलीच सूचना न देता. दोन जण मिळून एका सॉफ्टवेअरवर काम करत असतील तर हे फार होतं, एकाने एफ५ ला रिफ्रेश दिलं, दुसऱ्याने महिन्याभराने एफ५ ला कॅल्क्युलेटर.

वेगळ्या विंडोचंही याच दारांमुळे होतं. नवीन पार्टी भरायची छोटी विंडो उघडली की ती वेगळी टॉपलेव्हल, म्हणजे स्वतंत्र विंडो असते, मुख्य विंडोची बाइंडिंग तिथे लागू होत नाहीत, ऑपरेटर कंट्रोल एस दाबतो आणि काहीच होत नाही. मग कोणीतरी सुचवतं बाइंड-ऑल करून टाक. कृपया करू नका. बाइंड-ऑलने त्या छोट्या विंडोत कंट्रोल एस दाबल्यावर मागचं अर्धवट बिल सेव्ह होतं आणि पार्टी राहूनच जाते, आणि ऑपरेटरला वाटतं पार्टी सेव्ह झाली. हा चालेनासा शॉर्टकट परवडला, पण चुकीच्या विंडोवर चालणारा नको. प्रत्येक टॉपलेव्हलला तिचं स्वतःचं सेव्ह बांधा, आणि ती उघडी असताना मागच्या विंडोला हात लागू नये म्हणून ग्रॅब सेट करा.

मोकळ्या कळेचंही एक आहे. टीकेत तुम्ही न सांगितलेल्या जास्तीच्या मॉडिफायरकडे (कंट्रोल, शिफ्ट, ऑल्टकडे) दुर्लक्ष होतं. एफ८ ला ओळ डिलीट बांधलंत आणि कंट्रोल एफ८ ला काहीच बांधलं नाही तर कंट्रोल एफ८ दाबल्यावरही ओळ डिलीट होते. डिलीटसारख्या कमांडच्या बाबतीत शेजारच्या जोड्यांना मुद्दाम रिकामं फंक्शन बांधून ठेवा.

मेन्यूत सेव्हच्या पुढे कंट्रोल एस लिहिलेलं दिसतंय पण चालत नाही, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. टीकिंटरमधलं अ‍ॅक्सिलरेटर आणि डब्ल्यूपीएफमधलं इनपुट-जेश्चर-टेक्स्ट ही फक्त दिसण्यापुरती अक्षरं आहेत, त्यांनी काही बांधलं जात नाही. विनफॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन) शॉर्टकट-कीज दिलं की खरोखर बांधलं जातं, जावा स्विंगमध्ये सेट-अ‍ॅक्सिलरेटरनेही, म्हणून तिकडून आलेले लोक इथे अडकतात. आणि तेच फंक्शन मेन्यूतून चालतं पण शॉर्टकटने एरर देतं, तर कारण असं की बाइंड फंक्शनला इव्हेंट पाठवतं आणि मेन्यू पाठवत नाही, फंक्शनमध्ये इव्हेंट इक्वल टू नन असं ठेवा, झालं.

तीन प्रिंटचं प्रकरण मात्र जरा नीट बघायला हवं, कारण त्यात कागद आणि पैसे जातात. दोन कारणं असतात आणि दोन्ही एकत्र येतात. एक, कळ दाबून धरली की कीबोर्ड तोच इव्हेंट पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि पहाटेच्या घाईत, गाडी लागलेली, हमाल थांबलेले, अशात हात जड पडतोच, त्यात ऑपरेटरचा काही दोष नाही. दोन, प्रिंटचा कोड मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावरच, चालत असेल तर तेवढा वेळ स्क्रीन गोठते, ऑपरेटरला वाटतं दाबलं गेलं नाही, तो परत एफ९ दाबतो, परत दाबतो, आणि ते सगळे इव्हेंट रांगेत उभे राहतात, पहिली प्रिंट झाली की दुसरी, मग तिसरी. नुसता चालू आहे असा फ्लॅग लावून हे सुटत नाही, कारण रांगेतले इव्हेंट पहिलं काम संपून फ्लॅग उतरल्यावरच येतात. प्रिंट वेगळ्या थ्रेडवर द्या, फ्लॅग लावा, स्क्रीनवर ताबडतोब मोठ्या अक्षरांत प्रिंट होत आहे असं दाखवा, आणि त्याच बिल नंबरची प्रिंट दुसऱ्यांदा मागितली तर विचारा. थ्रेडमधून मात्र टीकेच्या विजेटना हात लावायचा नाही, काम झाल्याचा निरोप आफ्टर किंवा क्यू वापरून मुख्य थ्रेडला द्यायचा. माणसाला लगेच उत्तर दिसलं तर तो दुसऱ्यांदा दाबत नाही, माझ्या मते खरी दुरुस्ती ती आहे.

अजून एक, याला लोक शॉर्टकटचा बिघाड म्हणत नाहीत पण आहे तो शॉर्टकटचाच. माउसने सेव्हच्या बटणावर क्लिक केलं तर नवा दर सेव्ह होतो, कंट्रोल एसने केलं तर जुना दर राहतो. कारण डब्ल्यूपीएफमध्ये टेक्स्टबॉक्सची किंमत मूळ डेटात जाते ती फोकस सुटल्यावर, बटणावर क्लिक केल्यावर फोकस सुटतो, शॉर्टकटने सुटत नाही, कर्सर तिथेच असतो. टूलबारवरच्या बटणानेही हेच होतं कारण टूलबारचा फोकस स्कोप वेगळा असतो. टीकिंटरमध्ये फोकस-आउटवर हिशोब करायचा कोड लिहिला असेल तर तिथेही हाच प्रकार. दराच्या आणि वजनाच्या खान्यांना डब्ल्यूपीएफमध्ये प्रॉपर्टी-चेंज्डचा ट्रिगर द्या, आणि टीकिंटरमध्ये सेव्हच्या फंक्शनची पहिलीच ओळ चालू खाना पक्का करणारी ठेवा, म्हणजे फोकस-आउटवर जे फंक्शन चालतं तेच थेट बोलवा. शेतकऱ्याच्या पट्टीत किलोमागे दोन रुपये जुन्या दराने गेले तर ते पुन्हा कोणी तपासत नाही, म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या गोष्टी आता भरभर. बारकोड स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच, भाषा मराठीवर असताना स्कॅन केलं की कोडमधल्या अक्षरांच्या जागी मात्रा आणि व्यंजनं येतात, आणि शेवटी लाइन फीड पाठवायची सेटिंग असेल तर ते कंट्रोल जे म्हणून पोचतं, तेव्हा कंट्रोल जे मोकळं ठेवा. लॅपटॉपवर एफ कळा आवाज आणि ब्राइटनेसला लागलेल्या असतात, बऱ्याच मॉडेलवर एफएन अधिक एस्केपने ते उलटं करता येतं. फिल्टर कीज चालू झाल्या असतील, उजवं शिफ्ट आठ सेकंद धरल्याने त्या चालू होतात, तर पटकन दाबलेल्या कळा गाळल्या जातात. ऑटोहॉटकीसारखं कळांना वेगळी कामं नेमून देणारं टूल साध्या युजरने चालू आहे आणि बिलिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे, तर त्या टूलच्या कळा बिलिंगमध्ये पोचत नाहीत, दोन्ही एकाच पातळीवर चालवा. रिमोटने ठाण्याच्या ऑफिसातून वाशीच्या कॉम्प्युटरवर काम करत असाल तर विंडोज कीच्या जोड्या आपल्याच मशीनवर राहू शकतात, रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये ते सेटिंग आहे. आणि तीन कळांची एखादीच जोडी चालत नाही, बाकी चालतात, तर स्वस्त कीबोर्डमध्ये काही तीन कळा एकत्र दाबल्या की तिसरी पोचतच नाही, दुसरा कीबोर्ड लावून बघा, इथे खरंच कीबोर्ड बदलून फरक पडतो.

हे सगळं एकदा केल्यावर कळा निवडतानाच एक नियम पाळा. एफ कळांना ना भाषेचा फरक पडतो ना कॅप्सचा. मराठी टायपिंग असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रोजच्या पाच-सहा कमांड एफ कळांवरच ठेवाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. त्यातून एफ१ मदतीसाठी सोडा, एफ१० सोडा कारण विंडोज त्याने मेन्यूबारवर उडी मारतं, आणि सगळ्या विंडोंसाठीचा ग्लोबल हॉटकी करत असाल तर एफ१२ सोडा, तो डीबगरसाठी राखीव आहे. पण आधीपासून कंट्रोल एस वापरणाऱ्यांचं कंट्रोल एस काढून घेऊ नका, दोन्ही चालू ठेवा. वीस वर्षं त्याच कळांवर बोटं फिरलेली असतात, पट्टी करताना ते कीबोर्डकडे बघतही नाहीत, समोरच्या शेतकऱ्याशी बोलता बोलता बिल होतं, ती सवय मोडायचा आपल्याला काही अधिकार नाही.

नवीन व्हर्जन द्यायच्या आधी मी हे करून बघतो: कीबोर्ड इंग्लिश आणि कॅप्स बंद, इंग्लिश आणि कॅप्स चालू, मराठी आणि कॅप्स बंद, मराठी आणि कॅप्स चालू, या चारही अवस्थांत, नमलॉक चालू ठेवून, कर्सर एकदा साध्या खान्यात, एकदा शेऱ्याच्या मोठ्या खान्यात आणि एकदा छोट्या विंडोत ठेवून प्रत्येक शॉर्टकट दाबायचा. कंटाळवाणं काम आहे पण अर्ध्या तासात होतं. आणि एवढं करूनही कोणाकडे अडलं तर प्रश्न विचारताना शॉर्टकट चालत नाही एवढंच लिहू नका, कळ दाबल्यानंतरचा त्या स्टेटस बारचा फोटो टाका, टास्कबारवर भाषा कुठली दिसतेय ते त्याच फोटोत येऊ द्या, आणि विंडोज कुठलं, पायथन कुठलं ते लिहा.